तोल जातो म्हणून आलेली माणसं

शाळेतल्या आम्ही सहाजणी वर्षातून दोनदा पालघरला भेटतो. एक बँकेत आहे, एक तहसीलदार कचेरीत, एक शाळेत. त्यांच्याकडे किस्से असतात आणि ते ऐकून पोट दुखेपर्यंत हसायला होतं. मग कुणीतरी माझ्याकडे वळतं. "तुझं काय गं? तू तर माणसं मशीनमध्ये घालतेस. तुझ्याकडे पण असतील की."

असतात ना. बोईसरच्या एका एमआरआय सेंटरवर टेक्निशियन म्हणून चौदा वर्षं झाली मला. रोज एखादा तरी साठतो. पण मी सांगायला लागले की समोरची भजी गार होतात, अशी मैत्रिणींची तक्रार आहे.

मेंदूचा फोटो काढायला येणाऱ्यांत एक मोठा गट "तोल जातो" म्हणून येतो. ताप नाही, जखम नाही, पट्टी नाही. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे घरात कुणाला खरं वाटलेलं नसतं. आम्ही अंगठ्या, घड्याळ, कंबरपट्टा काढून ठेवायला सांगतो, आणि ते काढता काढता माणूस बोलायला लागतो. मला रिपोर्ट सांगायची परवानगी नाही. मी फोटो काढते, वाचतात ते डॉक्टर. आमचे डॉक्टर साठीला आलेत. त्यांची एक सवय आहे. माणसाच्या हातात नुसता कागद देऊन त्याला पाठवत नाहीत. बाहेर येतात, स्टूल ओढतात आणि समजावून सांगतात. काउंटरला मनीषा असते. बस, एवढंच आमचं सेंटर.

*

सरावलीच्या चाळीत राहणारा सुरेंदर. एमआयडीसीत उंच टाक्यांना रंग मारायचं काम, पायाडावर उभं राहून. सकाळी कूस बदलली की खोली गरगर फिरायची. दोनदा वरच कठडा धरून बसला. सुपरवायझर म्हणाला, हा पिऊन येतो, आणि त्याला खाली उतरवलं.

रिपोर्ट आला. मनीषा खुशीत म्हणाली, "भैया, सब नॉर्मल है."

सुरेंदर बाकावर बसला तो उठेचना. "नॉर्मल है तो मैं गिरता क्यों हूँ?"

डॉक्टर बाहेर आले. कधी फिरतं, किती वेळ फिरतं, विचारलं. कूस बदलली की, मान वर केली की, अर्धा मिनिट. डॉक्टर त्यांच्या हिंदीत म्हणाले, "दिमाग ठीक है तुम्हारा. कान के अंदर बारीक कण होते हैं, चूने जैसे. अपनी जगह से हिल गए तो सब घूमता है. वो इस फोटो में नहीं दिखता." आणि त्याला कानाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. तिथे त्याचं डोकं एका ठरावीक पद्धतीने इकडे-तिकडे वळवलं, आडवं केलं, उठवलं. दुसऱ्या खेपेला चक्कर गेली.

आठवड्याने तो परत आला. मला वाटलं, सांगायला आलाय. त्याने रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "इसपे लिख दो कि मैं पीता नहीं था."

डॉक्टर म्हणाले, ते ह्याच्यात लिहिता येत नाही, ते ह्यात दिसत नाही. पण स्वतःच्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, की ह्या माणसाला कानामुळे चक्कर येत होती, दुसरं काही कारण नव्हतं. खाली सही, शिक्का.

महिन्याने त्याचा शेजारी गुडघ्याच्या एमआरआयला आला. मनीषाने विचारलं, सुरेंदर परत कामावर लागला का. शेजारी म्हणाला, नाही. कागद बघून सुपरवायझर म्हणाला, ठीक आहे, पण वर नाही पाठवणार आता. तो गावी गेला. तिकडेही गोष्ट पोचली होती.

"कागज़ लॅमिनेट करवाके ले गया. बाप को दिखाने."

*

पालघरचे एक गुरुजी. हायस्कूलमधून निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली. चालताना भिंत धरायचे, अंगणात दोनदा पडले, म्हणून भाच्याने आणलं. रिपोर्ट घेऊन गेले आणि चार दिवसांनी एकटेच परत आले. रिपोर्टातल्या शब्दांखाली लाल शाईने रेघा. समासात डिक्शनरीतून काढलेले अर्थ. एका शब्दासमोर लिहिलं होतं, "आकसणे, वाळणे". दुसऱ्यासमोर "पांढरे ठिपके".

त्यांनी डॉक्टरांना शांतपणे सांगितलं, की वाचनालयाच्या समितीचा राजीनामा कालच दिला. कपाटाच्या किल्ल्याही देऊन टाकल्या. "मेंदू वाळलेल्या माणसाने जबाबदारीवर राहू नये."

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला. "गुरुजी, सगळ्या शब्दांखाली रेघ मारलीत. शेवटी 'वयोमानानुसार' लिहिलंय, त्याच्याखाली नाही मारलीत."

गुरुजींनी वाकून ती ओळ परत वाचली.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी केस पांढरे होतात, कातडी सैल होते, तसा मेंदूही थोडा आकसतो. ठिपके माझ्याही मेंदूत आहेत. ह्याने तुमचा तोल जात नाही."

"मग कशाने जातो?"

डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभं राहायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. डोळे मिटताक्षणी गुरुजी कलले. मी धरलं. पायांना मुंग्या येतात का, जमीन कापसासारखी लागते का? दोन्हीला हो. मग डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?"

गुरुजी खाली बसले. मग म्हणाले, "सकाळी चहा-बिस्किट. दुपारी चहा-टोस्ट. रात्री बघतो."

त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलेलं. पायांच्या नसा त्यामुळे कामातून चालल्या होत्या. त्याचा मेंदूच्या फोटोत कुठे पत्ता नव्हता. इंजेक्शनं सुरू झाली, आणि तीन-चार महिन्यांत गुरुजी भिंत सोडून चालायला लागले. एकदा आमच्या दारावरून जाताना आत डोकावले. मनीषाने विचारलं, "गुरुजी, जेवता ना आता?"

"हो तर. डबा लावलाय. दोघांचा."

"दोघांचा? कोण आहे दुसरं?"

"कुणी नाही," गुरुजी म्हणाले. "डबेवालीने विचारलं, किती माणसं. तोंडातून 'एक' निघेचना."

*

सुमनमावशी आमच्या माहीमच्या, पालघरजवळच्या. म्हावरं विकायच्या. लहानपणापासून मी त्यांना डोक्यावर टोपली घेऊन हात मोकळे सोडून चालताना बघितलंय. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "टोपली डाव्या अंगाला जाते गो. दोन वेळा रस्त्यात सांडली."

काही विचारलं की मान वळवून उजवा कान पुढे करत होत्या. डाव्याने ऐकू येत नाही हे त्यांना स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं. हळूहळू गेलं होतं.

मशीनमधून बाहेर काढलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "तुजा बापूस माज्याकडंच बोंबील घ्यायचा. मला खरं सांग." मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. ज्यांनी मला कडेवर घेतलंय त्यांना हे सांगताना जीभ जड होते.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "मावशी, गाठ आहे. पण कॅन्सरची नाही."

गाठ म्हटल्यावर पुढचं त्यांना ऐकूच गेलं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. कानातून मेंदूकडे एक नस जाते. ऐकायचं काम तिचं आणि तोल सांभाळायचंही तिचंच. तिच्यावर ही गाठ बसलीय.

"बसलीय तर बसू दे तिला," मावशी म्हणाल्या. "कोनाला त्रास देत नाय ती."

पण ती मोठी झाली होती आणि मेंदूच्या देठाला टेकली होती. मुंबईला ऑपरेशन झालं. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते, तिला धक्का लागला. आधी डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, की लागू शकतो.

सहा महिन्यांनी त्या तपासणीच्या फोटोला आल्या. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, एकदम छान रिपोर्ट आहे."

त्या हसल्या. उजवीकडून हसल्या, डावा गाल जागचा हलला नाही. मला म्हणाल्या, "गाठ गेली गो. जाताना अर्दं हसू घेऊन गेली."

टोपली आता सून नेते. मावशी बाजारात तिच्या शेजारी बसतात, डावी बाजू भिंतीला लावून. मी गेले की सरकून जागा करतात आणि मला बरोबर उजव्या हाताला बसवतात.

*

हा डॉक्टरांचाच किस्सा आहे, लहानसा.

एका सकाळी जिना चढताना डॉक्टरांना जग एका बाजूला कललेलं दिसलं. कुणाला बोलले नाहीत. दुपारी सेंटर रिकामं झालं तेव्हा शर्टाच्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मला घाल आत."

फोटो काढले. ते त्यांच्या खोलीत जाऊन बसले. एरवी दहा-बारा मिनिटांत मेंदूचा रिपोर्ट सांगून होतो त्यांचा. त्या दिवशी पाऊण तास खोलीचं दार बंद होतं. मग हाक मारली. पडद्यावर त्यांचा मेंदू होता आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"ह्यावरचं नाव काढून टाक, वय तेवढं ठेव आणि वसईच्या डॉक्टरांना पाठव. म्हणावं पेशंट घाईत आहे."

अर्ध्या तासात उत्तर आलं. वयोमानानुसार बदल, बाकी काही नाही. मी ते वाचून दाखवलं.

"नक्की तेच फोटो गेले ना?" डॉक्टरांनी विचारलं.

*

ही बाई वाडीत रोजावर कामाला जायची. पंचेचाळिशीची असेल. नवरा घेऊन आला होता. बोलत तोच होता. "हिचं पाऊल वाकडं पडतं. डोकं धरून बसते. काम होत नाय."

फोटोत कवटीच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या वर, रक्त साचलेलं दिसलं. दोन्ही बाजूंना. एका बाजूचं जुनं, पातळ झालेलं. दुसऱ्या बाजूचं त्यामानाने अलीकडचं. डॉक्टरांनी पडदा बघितला आणि मला म्हणाले, "तिला कपडे बदलायला ने. नवऱ्याला बाहेरच बसव. मी येतो."

आतल्या खोलीत ती बांगड्या परत भरत होती. डॉक्टर दाराशीच उभे राहिले आणि विचारलं, "डोक्याला काही लागलं होतं का बाई?"

"नारल पडला."

"कधी?"

"झाले दोन-तीन महिने."

"आणि त्याच्या नंतर?"

ती बांगडी हातात घेऊन थांबली. "परत पडला."

"दोनदा नारळ पडला डोक्यात?"

तिने बंद दाराकडे बघितलं. नवरा पलीकडे मोबाइलवर बोलत होता, आवाज येत होता.

"झाड तेच हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नवऱ्याला फक्त एवढं सांगितलं, की डोक्यात रक्त आहे, ते काढावं लागेल, आजच ॲडमिट करायचं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मात्र फोनवर सगळं सांगितलं. रक्त काढलं, ती बरी झाली. तिथल्या सिस्टरने तिच्या बहिणीला बोलावून घेतलं आणि पोलिसांनाही कळवलं. ती बहिणीबरोबर गेली. फाइल तिने स्वतःकडे ठेवली होती, असं सिस्टर सांगत होती. त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या हातात तिने ती दिली नाही.

*

पाम गावचा भरत कंपनीची बस चालवायचा. अडतीस वर्षांचा. भिंतीला हात लावत आत आला. बरोबर बायको, रेश्मा. तीन दिवस उलट्या आणि चक्कर. पित्त म्हणून औषध चालू होतं. त्या सकाळी बोलताना जीभ अडखळली, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं.

"ताई, किती वेळ लागेल?" तो विचारत होता. "दोनच्या शिफ्टला गाडी न्यायचीय."

डोक्यात मागे, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. तोल सांभाळतो तो. एका प्रकारच्या फोटोत, जिथे रक्त पोचत नाही ती जागा पांढरी उजळते. भरतचा लहान मेंदू एका बाजूने पांढराफटक होता. मी स्कॅन संपायच्या आत डॉक्टरांना हाक मारली. ते माझ्या मागे उभे राहिले आणि हळू म्हणाले, "सूज आलीय. देठावर दाब पडायला लागलाय." आणि तिथूनच मुंबईच्या हॉस्पिटलला फोन लावला.

बाहेर रेश्मा फॉर्म भरत होती. मला बघून उभी राहिली. "काय दिसलं?"

चौदा वर्षांत मी नियम मोडला तो तेव्हा. म्हटलं, "घरी नाही जायचं. कपडे आणायला पण नाही. ॲम्ब्युलन्स येतेय, तीत बसायचं."

तो ॲम्ब्युलन्सपर्यंत माझा खांदा धरून चालत गेला. मुंबईला ऑपरेशन केलं. नवव्या दिवशी गेला.

दोन महिन्यांनी रेश्मा आली. मूळ रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाइलमध्ये राहिला होता, तिला दुसरी प्रत हवी होती. मनीषाने काढून दिली. ती घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली. "इंग्रजी येतं मला थोडं. पण ह्यातलं काही कळत नाय. वाचून दाखवता?"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि एकेक ओळ वाचली, एकेक ओळ मराठीत सांगितली. ही नस बंद झाली. ह्या भागाला रक्त मिळालं नाही. ही सूज. हे पाणी अडलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "सोमवारी उलट्या सुरू झाल्या, तेव्हाच आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "सांगता येत नाही."

"मी त्यांना लिंबू सरबत देत होते. तीन दिवस."

"पित्तानेही असंच होतं," डॉक्टर म्हणाले. "चक्कर, उलटी. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं."

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठली. दाराजवळ आमचा एक बोर्ड आहे. मनीषाच्या अक्षरातला, मराठीत आणि हिंदीत. अचानक तोल जाऊ लागला, जीभ अडखळली, दोन-दोन दिसायला लागलं, चक्कर येऊन उभंच राहता येईना, तर वाट बघू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलला जा. रेश्मा बोर्डापाशी थांबली. वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचला.

"हा आधीपासून होता?" तिने विचारलं.

मनीषा म्हणाली, "नाही. नंतर लावला."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि गेली.

*

दामूकाका माहीमचेच, आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी. केळी, पानवेली, नारळ. माणूस कडक. एकुलता मुलगा प्रकाश. त्याने वाडी बघायची नाही म्हणून सांगितलं आणि बोईसरला कंपनीत नोकरी धरली. काकांनी दारात उभं राहून त्याला सांगितलं, की गेलास तर परत येऊ नको. प्रकाश गेला. अठरा वर्षं बापलेकात शब्द नव्हता. आई प्रकाशला फोन करायची. काका त्या वेळी उठून विहिरीवर जायचे.

मग काकांची पावलं जमिनीला चिकटायला लागली. उचलायची म्हटलं तरी उचलत नव्हती. दोन इंच, दोन इंच सरकायचे आणि वळताना पडायचे. विसरायला लागले. धोतर ओलं व्हायला लागलं. घरच्यांनी समजून घेतलं, की म्हातारपण आलं. काकी एकट्या उचलू शकेनात तेव्हा त्यांनी प्रकाशला बोलावलं.

आमच्याकडे त्याने त्यांना आणलं ते मला अजून दिसतं. बापाचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरलेले, आणि स्वतः उलटा, मागे-मागे चालतोय. "चला बाबा. डावा. आता उजवा. परत डावा." फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत वीस पावलं. दहा मिनिटं लागली. काका मान खाली घालून त्याच्या हातांकडे बघत होते.

डॉक्टरांनी प्रकाशला पडद्यासमोर बसवलं. "मेंदूत पाणी सगळ्यांच्याच असतं. ह्यांच्यात ते साचून राहिलंय, म्हणून ह्या पोकळ्या फुगल्यात. चालणं, विसरणं, लघवी, तिन्ही त्यानेच असू शकतं. नुसतं म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. मणक्यातून थोडं पाणी काढून बघतील. चालणं सुधारलं तर आत बारीक नळी बसवतात."

पाणी काढून बघितलं, फरक पडला. नळी बसवली.

चार महिन्यांनी परत फोटो काढायचा होता. मी खिडकीशी चहा घेत उभी होते. समोर प्रकाशची गाडी थांबली. त्याने काकांना उतरवून फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं आणि गाडी लावायला पुढे गेला. गाडी वळणाआड गेली तसे काका उठले. एकटे. धोतर झटकलं, गटारावरच्या फरशीवरून आरामात पलीकडे आले, आमच्या बागेतल्या जास्वंदीचं एक किडकं पान तोडून टाकलं आणि फिरून कट्ट्यावर जाऊन बसले.

प्रकाश आला. काकांनी दोन्ही हात पुढे केले. प्रकाशने ते धरले आणि मागे-मागे चालायला लागला. "चला बाबा. डावा. आता उजवा."

मशीनच्या टेबलावर आडवं करताना मी म्हटलं, "काका, मी बघितलं खिडकीतून. मस्त चालता की तुमी."

ते वर छताकडे बघत होते. "येते गो चालता," म्हणाले. "त्याला नको सांगू."

रिपोर्ट घ्यायला प्रकाश एकटा आत आला. काका बाहेर बाकावर होते. पोकळ्या लहान झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला दोन्ही वेळचे फोटो शेजारी-शेजारी दाखवले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तो तसाच उभा राहिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "सुधारणा आहे चांगली."

"हो," प्रकाश म्हणाला. "आई सांगते. रोज सकाळी विहिरीपर्यंत जातात. पानवेलींना हात लावून येतात. दोन महिने झाले. मी शनिवारी जातो तेव्हा खुर्चीत बसलेले असतात."

त्याने रिपोर्ट पाकिटात घातला, पाकीट काखेत धरलं.

"मला माहितीये, हे त्यांना कळू देऊ नका," तो म्हणाला.

बाहेर गेला. काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"चला बाबा," प्रकाश म्हणाला. "डावा."